18 महिन्यांचा रस्ता चौथ्या वर्षात का जातो

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावाला जोडणारा 22 किलोमीटरचा रस्ता, रुंदीकरणाचं काम, बोर्डावर मुदत लिहिलीये 18 महिने आणि आता चौथं वर्ष चालू आहे. मध्येच दोन किलोमीटर एकदम गुळगुळीत, पुढे परत धुरळा, ओढ्यावरच्या पुलाच्या सळया गंजत उभ्या. कंत्राटदार चोर आहे की अधिकारी, पावसाळ्याआधी काही होईल का, आणि आपण काही करू शकतो का की नुसतं बघत बसायचं.

मी 24 वर्षं याच धंद्यात आहे. पहिली 13 वर्षं कंत्राटदाराकडे, साइट इंजिनिअर ते प्रोजेक्ट मॅनेजर, आणि त्यानंतर कन्सल्टंटकडे, म्हणजे त्याच कंत्राटदारांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाजूला. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. चोर कोण हे मी सांगू शकत नाही. चोऱ्या होतात, डोळ्यांनी बघितल्यात, पण चोरीने रस्ता पातळ होतो, खडी कमी पडते, डांबर कमी पडतं. ज्याला चोरी करायचीये त्याला उलट काम पटकन उरकून बिल काढून पळायचं असतं. रखडणं हा वेगळा आजार आहे आणि त्याची लागण बहुतेक वेळा पहिला पोकलेन साइटवर यायच्या आधीच झालेली असते.

आधीच सांगतो, तुमच्या रस्त्याला हे सगळं तंतोतंत लागू पडेलच असं नाही. रस्ता राज्याचा आहे की राष्ट्रीय महामार्ग, पैसे बजेटमधून येतायत की हॅममधून (केंद्राच्या हॅममध्ये सरकार काम चालू असताना 40 टक्के देतं, बाकीचे कंत्राटदाराने उभे करायचे आणि ते त्याला पुढे 15 वर्षं हप्त्याने मिळतात), जमीन नव्याने घ्यायची होती की आहे त्या हद्दीतच काम होतं, यावर बरंच अवलंबून आहे. शहरातल्या काँक्रीट रस्त्यांचं तर गणितच वेगळं, तिथे सगळी भानगड जमिनीखाली असते, पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, केबल, आणि कुणाचाच नकाशा खरा नसतो. ते इथे घेत नाही. तुमच्या वर्णनावरून हे ग्रामीण भागातलं साधं रुंदीकरण दिसतंय, तेच धरून लिहितो.

सगळ्यात पहिलं, वर्क ऑर्डरची तारीख बघा. लोक मुदत बघतात, तारीख कुणी बघत नाही. समजा आदेश 15 मार्चला निघाला. मार्चमध्येच का, तर आर्थिक वर्ष संपत असतं, नाहीतर आचारसंहिता तोंडावर असते. 2024 मध्ये 16 मार्चला लोकसभेची लागली आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची. चालू कामं आचारसंहितेत थांबत नाहीत पण नवीन आदेश काढता येत नाहीत, म्हणून त्याच्या आधी जे काय कच्चं-पक्कं असेल त्यावर सह्या होतात. आता आदेश हातात आल्यावर कंत्राटदाराला कॅम्प लावायचा, क्रशर, हॉटमिक्स प्लांट, त्याचे प्रदूषण मंडळाचे परवाने, मुरमाची परवानगी, लॅब, माणसं, यात दोन महिने कुठे गेले कळत नाही. आला 15 मे. 10 जूनच्या आसपास पाऊस. म्हणजे पहिल्या सीझनला मिळाले जेमतेम 25 दिवस. मग चार महिने बंद. 15 ऑक्टोबरला परत सुरू, पुढच्या 10 जूनपर्यंत आठ महिने, परत पाऊस, आणि पाऊस चालू असतानाच 15 सप्टेंबरला मुदत संपली. 18 महिन्यांत कामाचे महिने नऊसुद्धा भरले नाहीत.

तोच आदेश 15 ऑगस्टला काढा. कॅम्प पावसात लागतो, परवाने पावसात येतात, 15 ऑक्टोबरला काम सुरू, जूनपर्यंत आठ महिने, पावसाळा, मग परत ऑक्टोबर ते फेब्रुवारी चार महिने. झाले बारा. मुदत तीच, कंत्राटदार तोच, रेट तोच, आणि कामाचे तीन महिने फुकट जास्त मिळाले. तुमच्या रस्त्याच्या बोर्डावर कार्यारंभाची तारीख असेल, बघून घ्या, माझी पैज आहे की ती जानेवारी ते मे मधली निघेल.

आणि यातलीच पुढची गोष्ट म्हणजे रस्त्याच्या कामात उशिराची सरळ बेरीज होत नाही. डिसेंबरमध्ये तीन आठवडे गेले तर डबल शिफ्ट लावून भरून काढता येतात. मे महिन्यात तेच तीन आठवडे गेले तर भराव ओला झाला, डांबर टाकता येत नाही, आणि ते तीन आठवडे ऑक्टोबरपर्यंतचे पाच महिने होऊन बसतात. साहेब लोक मीटिंगमध्ये "फक्त वीस दिवस मागे आहोत" म्हणतात तेव्हा मी कॅलेंडर बघतो.

आता जमीन. भूसंपादन झालं नाही म्हणून काम थांबलं हे तुम्ही पेपरात वाचलं असेल आणि ते खरंच आहे, पण अर्धवट खरं आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या ईपीसी करारात (डिझाइन, साहित्य, बांधकाम सगळं एकाच कंत्राटदाराकडे) 90 टक्के जमीन हातात असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असा दंडक आहे. ऐकायला भारी वाटतं. पण 90 टक्के म्हणजे कसे 90 टक्के? वीस किलोमीटरमधले सुरुवातीचे सलग 18 किलोमीटर मोकळे आणि शेवटचे दोन अडलेले, हे पण 90 टक्के. आणि इथे 40 मीटर अडलेत, पुढे 150 मीटर, मग एक विहीर, मग एक घर, मग पाऊण किलोमीटर ऊस, असे वीस-पंचवीस तुकडे मिळून दोन किलोमीटर अडलेले, हे पण 90 टक्केच. फाइलवर दोन्ही सारखे दिसतात. जमिनीवर पहिला रस्ता वेळेत होतो आणि दुसरा तुमच्या रस्त्यासारखा होतो.

कारण मशिनरी तुकड्यांत चालत नाही. एक ग्रेडर, दोन रोलर, दोन टँकर, दहा-बारा डंपर हा एक संच. सलग चार-पाच किलोमीटर मोकळे मिळाले की हा संच रांग लावतो, पुढे मुरूम, त्याच्या मागे जीएसबी (खडी-मुरमाचा खालचा थर), त्याच्या मागे डब्ल्यूएमएम (डांबराखालचा ओल्या खडीचा थर), एकाची टेस्ट होईपर्यंत दुसरा पुढे सरकतो, कुणी रिकामं बसत नाही. तेच तीनशे-चारशे मीटरचे तुकडे दिले की ग्रेडर वळवण्यातच दिवस जातो, प्रत्येक तुकड्याला दोन टोकं, टोकाला रोलर नीट दाबत नाही, तिथली डेन्सिटी फेल होते, परत उकरा. माझ्या अनुभवात तुकड्यांच्या कामाचा वेग सलग कामाच्या निम्म्यावर येतो, डिझेल मात्र तेवढंच जळतं. मग कंत्राटदार काय करतो, मशिनरी उचलतो आणि दुसऱ्या साइटवर नेतो. गावाला वाटतं पळून गेला. त्याच्या दृष्टीने तो दिवसाचं भाडं वाचवत असतो.

मराठवाड्यातल्या एका कामावर माझ्याकडे असे 40 मीटर होते. एकच गट नंबर. सातबाऱ्यावर सात नावं, त्यातले एक वारलेले आणि वारस नोंद झालेली नाही, एक पुण्याला, दोन भावांचा आधीच कोर्टात वाटणीचा दावा. मोबदला मंजूर होता, पण द्यायचा कुणाच्या खात्यात? प्रांत ऑफिसने पैसे जमा करून ठेवले, पण त्यांचं म्हणणं नाव लागल्याशिवाय वाटप नाही, शेतकऱ्याचं म्हणणं पैसे मिळाल्याशिवाय ताबा नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. यात गेले 14 महिने. आता 40 मीटर म्हणजे कितीसे, असं वाटेल, पण नेमका त्याच 40 मीटरमध्ये एक बॉक्स कल्व्हर्ट (चौकोनी मोरी) होता, आणि तो होईपर्यंत वरच्या बाजूच्या अडीच किलोमीटर भरावाचं पाणी जायला वाट नव्हती, म्हणून तो भराव पण करता येईना. फाइलवर अडलेली लांबी 40 मीटर, खरी अडलेली लांबी अडीच किलोमीटर. हा फरक कुठल्याच आढावा बैठकीच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून मी तेव्हापासून अडथळ्याच्या मीटरशेजारी त्याने मागे काय अडवलंय ते पण लिहायला लागलो.

विजेचे खांब हा तर सगळ्यात चीड आणणारा प्रकार. रस्त्याच्या मधोमध खांब आणि दोन्ही बाजूंनी डांबर, हा फोटो तुम्ही पण पाहिला असेल, लोक हसतात. होतं असं की खांब हलवायचे पैसे एस्टिमेटमध्ये धरलेले असतात, पण वीज कंपनीने सर्व्हे करायचा, त्यांनी अंदाजपत्रक द्यायचं, मग आपण मंजुरी घ्यायची, मग लाइन टाकायला त्यांच्याकडचा परवानाधारक ठेकेदार, आणि सगळं झाल्यावर शेवटी शटडाउन. एप्रिल-मेमध्ये शेतीपंपांच्या लाइनीचा शटडाउन मागायला जा बरं. पिकं करपतायत, शेतकरी सबस्टेशनवर आलेले, कोण देणार? एका ठिकाणी 11 केव्हीच्या 9 खांबांसाठी मी मार्चपासून फेऱ्या मारल्या, शटडाउन मिळाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्याच दिवशी दुपारी पाऊस आला. लाइन गेली, खांब गेले, पण आता मुरूम टाकायला जमीन कोरडी नव्हती. ऑक्टोबर.

यात वीज कंपनीची चूक काढणं सोपं आहे, पण त्यांच्यासाठी तुमचा रस्ता हे त्यांच्या कामाच्या यादीतलं शेवटचं काम असतं, आणि ते काम त्यांना रस्त्याच्या सोबत करायला सांगितलं जातं. ते रस्त्याच्या एक वर्ष आधी करायला हवं. डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) मंजूर झाला की खांब, पाण्याच्या लाइनी, झाडं यांचं वेगळं काम काढा, पैसे भरा, आणि ते हलले की मग रस्त्याचं टेंडर. झाडांचं पण तसंच, तोडायची परवानगी, मध्ये वनजमिनीचा तुकडा असला की त्याचा वेगळा प्रस्ताव, आणि तो प्रस्ताव कितीदा त्रुटीत परत येतो ते विचारू नका.

आता कंत्राटदाराकडे येऊ, कारण तो पण काही साधू नाही. आपल्याकडे काम सगळ्यात कमी रेटवाल्याला मिळतं आणि स्पर्धा वाढली की लोक 20-25 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी, भरतात. माझ्या जुन्या मालकाने असंच एक काम घेतलं होतं, कारण बँकेला दाखवायला हातात काम हवं होतं. बिलो गेलेल्या कामात पहिल्या दिवसापासून कंत्राटदार पैशाच्या मागे धावतो. ज्या आयटममध्ये पैसे सुटतात ते आधी करतो, म्हणजे खोदाई, भराव, मुरूम. मोऱ्या, पूल, रिटेनिंग वॉल यात वेळ जास्त आणि पैसे कमी, ते मागे टाकतो. तुमच्याकडे सळया गंजतायत त्याचं एक कारण हे असू शकतं. मग तो काम तुकडे करून पेटी, म्हणजे हाताखालच्या, कंत्राटदारांना देतो, पेटीवाला आणखी खालच्या रेटला, आणि त्याचं एक बिल अडकलं की तो रात्रीत पोकलेन उचलून जातो.

आणि बिलं अडकतात. राज्यातल्या कंत्राटदार संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्यात हे पेपरात येऊन गेलंय. झालेल्या कामाचं मोजमाप, एमबी (मोजमापाची वही), आरए बिल (झालेल्या कामापुरतं चालू बिल), आणि मग निधीची वाट. बजेटमध्ये कामं मंजूर करायची ढीगभर आणि प्रत्येकाला तरतूद थोडी थोडी, असं असलं की सगळी कामं सुरू होतात आणि एकही संपत नाही. हे वाक्य कडू आहे पण माझ्या मते रखडण्याचं हे जमिनीइतकंच मोठं कारण आहे, फक्त याबद्दल ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नाही. दहा रस्त्यांना दहा-दहा टक्के देण्यापेक्षा दोन रस्ते पूर्ण पैसे देऊन संपवा, पण मग बाकीच्या आठ गावांत नारळ कसा फुटणार!

जमिनीच्या खाली काय निघतं हा पण एक भाग आहे, तो पटकन सांगतो. एस्टिमेट करताना काळी माती अर्धा मीटर धरलेली असते, प्रत्यक्ष खोदल्यावर दीड मीटर निघते. ती काढून मुरूम भरायचा म्हणजे परिमाण वाढलं, वाढीव परिमाण म्हणजे वरून मंजुरी, एखादा नवीन आयटम असेल तर त्याचा रेट ठरवा, आणि हे कागद फिरत असताना साइट बंद. डीपीआरच्या वेळी चार खड्डे जास्त घेतले असते तर खर्च किती, काही हजार रुपये. मुरमाचं पण असंच, तहसीलची परवानगी, रॉयल्टी, आणि दरवेळी खाण लांब लांब जात जाते. समृद्धीच्या वेळी तलाव आणि शेततळी खोदून निघालेली माती-मुरूम रस्त्याला वापरली, त्याला बुलढाणा पॅटर्न म्हणतात, ती कल्पना मला मनापासून आवडते कारण त्यात गावाला तळं मिळतं आणि आपल्याला मुरूम.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फक्त दुसऱ्यांवर ढकलतोय. मी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नवीन होतो, मोठ्या साहेबांची व्हिजिट होती, काम जोरात दिसावं म्हणून मी एकदम नऊ किलोमीटर जुना रस्ता उकरायला लावला. दिसलं जोरात, साहेब खूश. पण नऊ किलोमीटरवर थर टाकायची माझी ताकद नव्हती, माझ्याकडे संच एक आणि त्याची झेप महिन्याला जेमतेम दीड किलोमीटर. पाऊस आला तेव्हा चार किलोमीटर उघडे. पाणी साचलं, ट्रक फसले, दूधवाल्यांच्या गाड्या बंद, गावकऱ्यांनी कॅम्पला कुलूप लावलं आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. पावसाळाभर डबर टाकून टाकून वाट चालू ठेवली, आणि पाऊस संपल्यावर सगळा चिखल काढून फेकण्यात सहा आठवडे गेले. तेव्हापासून माझा नियम आहे, एका वेळी संचाला दोन-अडीच किलोमीटरच उघडायचे, ते डब्ल्यूएमएमपर्यंत बंद झाल्याशिवाय पुढचे उकरायचे नाहीत. दिसायला काम संथ दिसतं, साहेबाला आवडत नाही, पण संपतं.

एक गैरसमज पण काढून टाकतो, कारण तुम्ही लिहिलंय की गावाजवळचा काँक्रीटचा पट्टा "तयार होऊन" बंद ठेवलाय. काँक्रीट टाकलं की ते वरून दुसऱ्या दिवशी कडक दिसतं, पण त्याची ताकद 28 दिवसांच्या हिशोबाने धरतात, तोपर्यंत गोणपाट टाकून पाणी मारायचं आणि जड गाड्या सोडायच्या नाहीत. त्यात एका बाजूने वाहतूक चालू ठेवून अर्धा-अर्धा रस्ता करायचा असेल तर डावी बाजू 28 दिवस, मग वाहतूक तिकडे वळवून उजवी बाजू 28 दिवस. हा उशीर नाही. बॅरिकेड काढून ट्रॅक्टर घालू नका, त्या भेगा नंतर तुमच्याच नशिबी येतात.

मोठी उदाहरणं बघायची तर मुंबई-गोवा महामार्ग डोळ्यासमोर आहेच. पनवेल ते (रायगडातलं) इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा 2011 च्या सुमारास सुरू झाला, त्यात कर्नाळा अभयारण्य, भूसंपादनाची गाठोडी, कंत्राटदाराची आर्थिक ओढाताण, आणि वरून कोकणचा पाऊस. वर सांगितलेलं प्रत्येक कारण तिथे एकत्र नांदत होतं. आणि त्याच महामार्गावर महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 ला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तर नवीन पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017 ला सुरू केला. हाच देश, हाच महामार्ग. फरक एवढाच की एकच जागा होती, जमिनीची भांडणं नव्हती, पैसे तयार होते, आणि काम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन पुढच्या पावसाच्या आत बसेल असं आखलं होतं. लोक म्हणतात बघा, मनात आणलं तर होतं. मी म्हणतो मोकळी जागा, पैसे आणि बरोबर तारीख दिली तर होतं.

समृद्धीचं पण तसंच बघा. 701 किलोमीटर, जमीन बहुतांश थेट खरेदीने, वाढीव भाव देऊन, खरेदीखत झालं की पैसे खात्यात. विरोध झालाच, पण जमीन तुलनेने लवकर हातात आली. नागपूर-शिर्डी डिसेंबर 2022 ला सुरू झाला. शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा मात्र जून 2025 मध्ये, कारण तिथे सह्याद्री आहे, बोगदा आहे, दऱ्यांवरचे उंच पूल आहेत. म्हणजे जमीन सुटली तरी डोंगर डोंगरच राहतो, त्याला वेळ आधीच धरावा लागतो.

मग कमी कसा करायचा उशीर? वर बरंच बोलून गेलोय, उरलेलं सांगतो. माझ्या हातात असतं तर मी टक्केवारीने जमीन मोजणं बंद केलं असतं आणि एकच गोष्ट विचारली असती, सलग मोकळा सगळ्यात मोठा तुकडा किती लांब आहे? तो पाच किलोमीटरच्या खाली असेल तर वर्क ऑर्डर नाही. एक लांबलचक पट्टीनकाशा काढायचा, रस्त्याची लांबी आडवी, त्यावर प्रत्येक अडथळा त्याच्या चेनेजवर (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर), मोकळं हिरवं, अडलेलं लाल. दर सोमवारी रंग बदलायचे. असा नकाशा भिंतीवर लावला की प्रांत, वीज कंपनीचा माणूस, कंत्राटदार, सगळ्यांना आपापला लाल ठिपका दिसतो आणि मीटिंग वीस मिनिटांत संपते. कॉम्प्युटरवर काढलेले मोठमोठे बार चार्ट मी खूप बनवलेत, ते बिलाच्या फाइलला जोडायला छान असतात.

दुसरं, पहिल्या सीझनला फक्त मोऱ्या आणि पूल. भराव नंतर. पाण्याची वाट आधी झाली की पुढचा प्रत्येक पावसाळा सोपा जातो. पण हे कंत्राटदार स्वतःहून करणार नाही कारण त्यात लवकर पैसे नाहीत, म्हणून करारातच पहिला टप्पा मोऱ्यांचा ठेवायचा आणि त्याचं बिल पंधरा दिवसांत काढायचं. मोजमाप आठवड्याला दोघांनी मिळून घेतलं तर शेवटी वाद राहत नाही. जो कंत्राटदार पैसे वेळेत मिळतायत हे बघतो तो मशिनरी हलवत नाही, इतकं साधं आहे.

आणि दंड. तुम्ही विचारलंय की उशिराबद्दल दंड का लावत नाहीत. करारात दंड असतो. पण दंड लावला की कंत्राटदार लवादात जातो आणि पहिला कागद दाखवतो की तुम्ही मला जमीन किती महिन्यांनी दिली. खात्याला हे माहीत असतं. कंत्राटदाराला पण माहीत असतं की त्याने स्वतः मधले सहा महिने मशिनरी दुसरीकडे वापरली. दोघांच्याही कपाटात काहीतरी असतं, म्हणून दोघं मिळून "विना दंड मुदतवाढ" या शब्दांवर येतात आणि चहा पितात. मी दोन्ही बाजूंनी ती पत्रं ड्राफ्ट केलीत.

तुमच्या उपयोगाचा कागद इथेच आहे. प्रत्येक कामावर हिंडरन्स रजिस्टर ठेवायचं असतं, त्यात कुठला अडथळा कुठल्या चेनेजला, कधी आला, कधी सुटला, दोघांच्या सह्या. आंदोलनाचं निवेदन नंतर द्या, आधी कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तीन गोष्टी मागा: कार्यारंभ आदेश, हिंडरन्स रजिस्टरची प्रत, आणि आत्तापर्यंतच्या सगळ्या मुदतवाढीची पत्रं कारणांसकट. "काम का रखडलं" असं विचारू नका, त्याला "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं उत्तर येतं. रजिस्टर हातात आलं की बसून बघा, सुटलेल्या अडथळ्याच्या तारखेनंतर पण तिथे काम झालेलं नसेल तर कंत्राटदाराला धरा, आणि अडथळा अजून उघडाच असेल तर तो कुणाच्या टेबलावर आहे ते त्यात लिहिलेलं असेल. रजिस्टर ठेवलंच नाही असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच आहे, ते घेऊन वर जा. आणि एखादा अडथळा गावातलाच निघाला, वारस नोंद, वाटणीचा वाद, तर तो ग्रामपंचायतीत बसून सोडवता येतो का बघा, माझे दोन-तीन असे गुंते सरपंचाच्या ओट्यावर सुटलेत, कोर्टात सुटले नसते.

राहिलं पावसाळ्याआधी होईल का हे. एप्रिलच्या मध्यावर ओढ्यावरच्या त्या पुलाकडे जाऊन बघा. स्लॅबचं शटरिंग लागलेलं असेल तर आशा आहे. नुसतेच पिअर (पुलाचे खांब) उभे असतील तर यंदा विसरा, आणि मग पूल मागण्यात वेळ घालवू नका, डेप्युटी इंजिनिअरकडून लेखी घ्या की बाजूच्या डायव्हर्जनला (तात्पुरत्या वळणरस्त्याला) किती ह्यूम पाइप टाकणार, 900 मिलिमीटरचे की 1200 चे, वर खडीकरण होणार की नुसती माती, आणि रात्री पाणी चढलं तर बॅरिकेड लावायला कुणाचा नंबर. गेल्या पावसात पाणी कुठवर चढलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं, ती खूण इंजिनिअरला जागेवर नेऊन दाखवा, कारण त्याच्या ड्रॉइंगमध्ये डायव्हर्जनची पातळी बहुतेक नसतेच.